बोटं दिसली पाहिजेत

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, आणि सध्या मला माझ्याच जातीचा वीट आला आहे. म्हाताऱ्या वस्तूने कुरकुर करू नये, हे मला कळतं. पण गेल्या महिन्यात जे पाहिलं ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

सहा वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझ्या पोटात बॅटरी बसवली, अंगावर काच चिकटवली आणि मला खोक्यात निजवलं. माझाही तेव्हा मोठा गाजावाजा होता. दुकानांवर माझी माणसाएवढी चित्रं लागली होती आणि खाली लिहिलं होतं, 'असा फोन झालाच नाही!' मला ते खरं वाटलं. सहा महिन्यांत त्याच जागी दुसऱ्याचं चित्र आलं, खालची ओळ मात्र तीच राहिली. फुशारकीची पहिली किळस मला तेव्हा आली, आणि ती माझी स्वतःचीच होती.

मला डोणगावात आणलं दीपकने, बारावीच्या अभ्यासासाठी. अभ्यास थोडा झाला, बाकीचं फार झालं. चिवडा खाल्लेल्या बोटांनी तो मला चाळायचा, संडासातही न्यायचा. त्याचा मित्र गोकुळ तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेला अंगठा माझ्या काचेवरून फिरवायचा. तो वास आठवला की अजून शिसारी येते. पुढे दीपकला चुलत्याचा फोन मिळाला आणि मी त्याच्या आईकडे, कलाबाईंकडे आलो. तिथे माझा खरा जन्म झाला.

कलाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात. घराच्या पुढच्या खोलीत त्या ब्लाऊज शिवतात, आणि त्यांच्या टाक्याला अख्ख्या डोणगावात तोड नाही. नवरा हिंमतराव शेतीत असतात. माणूस मायाळू, पण हातांची भाषा त्यांना जेवण, पाणी, बाजार एवढ्यापुरतीच येते. दीपकला निम्मी येते. पुरी येणारी एकच होती, लोणारची शरयू. दोघी लहानपणी मूकबधिरांच्या शाळेत एका बाकावर बसत. लग्न होऊन कलाबाई इकडे आल्या, शरयू भावाकडे राहिली, आणि वर्षातून एखाद्या भेटीपुरतं दोघींचं बोलणं उरलं. सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण लिहिणं दोघींनाही जड जायचं. आणि ज्याच्या हातांनाच तोंड आहे तो चिठ्ठी कशाला लिहील?

दीपकने माझ्यावरून शरयूला पहिला व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा दोघी आधी नुसत्या हसतच बसल्या. मग कलाबाईंचे हात असे सुटले, की दारात माप द्यायला आलेली बाई पाहतच राहिली. वीस वर्षांचं साचलेलं त्या एका दुपारी बोलल्या. त्यानंतर रोज तीन वाजता मशीन बंद व्हायची, मला दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभं केलं जायचं, आणि मी दोघींच्या मध्ये खिडकीसारखा उभा राहायचो. मित्रांनो, कौतुक यालाच म्हणतात. मोठमोठ्या चित्रांना नाही.

पण मी राहायचो कात्री आणि सुया असलेल्या पिशवीत. हळूहळू माझ्या पुढच्या कॅमेऱ्यावर चरे पडले, म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू चढावा तसं धुकं चढलं. कलाबाईंना शरयू स्वच्छ दिसायची. शरयूला मात्र कलाबाई धुरकट दिसू लागल्या. ती सांगायची, "हात उजेडात घे." कलाबाई घ्यायच्या आणि वेळ मारून नेली जायची.

एक दिवस ती मारून नेता आली नाही. शरयूच्या पित्ताशयात खडे झाले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दोन-तीन तारखा पुढे ठेवल्या होत्या. शरयूने विचारलं, "तू कधी येऊ शकतेस? तू असशील तर मला भीती नाही." लग्नाचे ब्लाऊज दोन तारखेला द्यायचे होते, म्हणून कलाबाईंनी तीन बोटं दाखवली. धुक्यातून शरयूला दोन दिसली. तिने भावाला दोन सांगितली.

कलाबाई तीन तारखेला पहिल्या गाडीने पोचल्या, तेव्हा ऑपरेशन होऊन दिवस उलटला होता. आदल्या दिवशी शरयू शेवटपर्यंत दाराकडे पाहत होती, असं तिचा भाऊ नीळकंठ म्हणाला. ती हातांनी काहीतरी पुन्हापुन्हा विचारत होती आणि ते त्याला समजत नव्हतं. पिशवी उघडी होती, म्हणून पुढचं मी पाहिलं. कलाबाई खाटेजवळ गेल्या आणि हात उचलून बोलू लागल्या. शरयूने डोळे मिटून घेतले. मित्रांनो, आपण रुसलो तर तोंड फिरवतो, तरी शब्द कानावर पडतातच. या दोघींत डोळे मिटणं म्हणजे दाराला कडी लावणं.

नंतर बारा दिवस तीन वाजले, पण कॉल आला नाही. इकडून लावला तर तिकडून उचलला जाईना. त्या तीन बोटांतलं एक मी खाल्लं होतं, हे नीळकंठने दीपकला फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे घरात उमगलं. कलाबाईंनी मला हातात घेऊन कितीतरी वेळ पुसलं. चरे पुसून जात नाहीत. मग त्यांनी शिलाईच्या पैशांचा डबा दीपकपुढे ठेवला आणि हातांनी सांगितलं, "नवीन फोन आण. माझी बोटं दिसली पाहिजेत."

एवढं साधं काम होतं. पण नेमकं त्याच महिन्यात 'झिओना' नावाचा नवा फोन येऊ घातला होता, आणि गावातल्या पोरांच्या अंगात तो संचारला होता.

दीपक आणि गोकुळ रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. दीपकच्या फोनची काच फुटल्यामुळे व्हिडिओ माझ्यावरच पाहायचे. एक माणूस खोक्यावरचा कागद असा हळू सोलायचा, जसं काही देवीचं पातळ बदलतो आहे. मग खोक्याचा वास घ्यायचा. मग डोळे मिटून म्हणायचा, "आहाहा!" हे सगळं मला माझ्या तोंडावर दाखवावं लागे.

"दोनशे मेगापिक्सल हाय बे!" दीपक म्हणायचा. "चंद्रावरचे खड्डे दिसतात लेका याच्यात."

"चंद्रावर तुया मामा राह्यते का बे?" गोकुळ म्हणायचा. "तारक कंपनीचा घे. दोन दिवस बॅटरी जाते, अन् स्वस्तातबी पडते."

"तारक तव्यावानी तापते. त्या यूट्यूबवाल्यानं सांगतलं."

"त्याले झिओनावाले फोन फुकट देतात. तो काऊन त्याईले नावं ठेवीन?"

"अन् तुया यूट्यूबवाल्याले तारकवाले देत नाईत? तो का उपाशी हाय?"

असं तासन्‌तास चालायचं. दोघांचं सैन्य वेगळं, पण दोघंही कंपन्यांसाठी लढत होते, आणि पगार मिळत नव्हता तो या दोघांनाच! चार हातांवर, खिडकीआड कलाबाई शिवत असायच्या. एकदा त्या उठून आल्या, दीपकच्या खांद्याला हात लावून त्यांनी विचारलं, "कोणता?" त्याने त्यांच्याकडे न पाहता अंगठा वर केला आणि पुन्हा माझ्यात तोंड घातलं. ज्यांच्यासाठी फोन घ्यायचा, त्यांना काय पाहिजे हे महिनाभरात एकानेही विचारलं नाही. त्या अंगठ्याची मला खर्ऱ्याच्या अंगठ्याहून जास्त किळस आली.

शेवटी झिओना विक्रीला आला. कलाबाई, दीपक आणि गोकुळ मेहकरच्या दुकानात गेले. मी पिशवीत होतोच. दुकानाला फुगे बांधले होते. पहिल्या गिऱ्हाइकाला हार घातला होता, आणि तो खोक्याचे मुके घेत फोटो काढून घेत होता. ज्या फोनचं तो चुंबन घेत होता, तो त्याने अजून चालू करूनही पाहिला नव्हता.

"काकू, हा डोळे झाकून घ्या," दुकानदार म्हणाला.

हे वाक्य दीपकने आईला हातांनी सांगितलं नाही. तेवढी लाज त्याला उरली होती.

कलाबाईंनी मात्र डोळे उघडेच ठेवले. त्यांनी दीपकला खुणेने समजावलं, की जुना फोन घेऊन तू दारात उभा राहा, आणि दुकानदाराला नव्यावरून त्याच्यावर व्हिडिओ कॉल लावायला सांग. दुकानदाराने नाखुशीनेच लावून दिला. कलाबाई झिओना घेऊन दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात गेल्या आणि तो भिंतीला टेकवून त्याच्यासमोर हातांनी बोलू लागल्या. तिथे उजेड बेताचा होता, घरात मशीनजवळ असतो तेवढाच.

माझ्या काचेवर एक बाई उमटली. ती कलाबाई नव्हती. गाल गुळगुळीत, रंग गोरा, वयाची दहा वर्षं गेलेली. कपाळावरचं गोंदण, जे त्यांच्या आईने भर जत्रेत गोंदवून घेतलं होतं, ते साफ पुसलेलं. मागची भिंत धुक्यात विरघळवली होती, आणि हात अंगापासून दूर गेले की भिंतीबरोबर बोटंही विरघळत होती. मित्रांनो, मी जुनाट आहे, चऱ्यांनी आंधळा झालो आहे. पण कोणाचं गोंदण खोडून त्याला सुंदर म्हणण्याचा निर्लज्जपणा मी कधी केला नाही.

"काय मनते माय, वाच," गोकुळ म्हणाला.

"महिना... तू... खोका..." दीपक डोळे बारीक करून म्हणाला. "पुढचं नाई दिसून राह्यलं."

दुकानदाराने धावत जाऊन दोन-तीन गोष्टी बंद केल्या. गोंदण परत आलं. पण हात वेगाने हलले की बोटं एकमेकांत मिसळत, पिठात बुडवून काढल्यासारखी. चंद्रावरचे खड्डे दाखवणाऱ्याला चार हातांवरची करंगळी दिसत नव्हती.

मग गोकुळच्या लाडक्या तारकची पाळी आली. त्याच्यात चित्र मधेच गोठायचं आणि हात एकदम दुसरीकडे उगवायचा. गोकुळ खाली पाहू लागला.

शेवटी कलाबाईंनी काउंटरच्या टोकाचा, गेल्या वर्षीचा एक काळा फोन उचलला. त्याच्या नावाचा फलक नव्हता, त्याच्यासाठी कोणी भांडलं नव्हतं. त्याच कोपऱ्यातून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझ्या काचेवर दहाच्या दहा बोटं सुटी उमटली.

दीपक मोठ्याने वाचू लागला. "महिनाभर तू खोक्याकडं पाह्यलं. माह्या हाताकडं..." तो थांबला. दुकानातली माणसं ऐकत होती. "माह्या हाताकडं एक डावबी नाई पाह्यलं."

तेवढ्यात हार घातलेल्या गिऱ्हाइकाने कलाबाईंचे हात टिपायला आपला नवा झिओना वर केला. दीपकने जाऊन तो सरळ खाली केला. "तमाशा हाय का, भाऊ?" असं म्हणून तो आईसमोर उभा राहिला. त्याला निम्मीच भाषा येत होती. तेवढ्या भाषेत त्याने जमेल तसं म्हटलं, "चुकलो. हाच घेऊ."

दुकानदाराने मेलेला उंदीर धरावा तसं मला दोन बोटांत धरलं. "हा डबा ठेवून जा, काई तरी कमी करतो." कलाबाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. माझ्या पाठीचा कॅमेरा अजून शाबूत आहे. त्याने त्या ब्लाऊजच्या गळ्यांचे फोटो काढतात. मी तेवढ्या कामाचा आहे आणि मला ते पुरे आहे.

आता सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो. महिनाभर झिओनाला शिव्या देणारा गोकुळ आठच दिवसांनी त्याच दुकानाच्या रांगेत उभा राहिला आणि झिओना घेऊन आला. "सगळेच घेऊन राह्यले," म्हणाला. एवढंच कारण. खोक्याचा वासही घेतला म्हणे.

आमचा फोन घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन वाजता कलाबाईंनी नवा फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवला. मी शेजारी आडवा पडलो होतो, म्हणून मला फक्त छत दिसत होतं. घंटी वाजत राहिली. कलाबाईंना ती ऐकू येत नाही, मला येते. दीपक दारात उभा होता. बंद होते की काय असं वाटलं, तोच पलीकडून कॉल उचलला गेला, आणि मग कलाबाईंच्या बांगड्या वाजू लागल्या. जोरात, अडखळत, पुन्हा जोरात. माफी मागणाऱ्या बांगड्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग त्या थांबल्या. पलीकडची बोलत असावी.

"दीपक, मावशी काय मनते?" अंगणातून हिंमतरावांनी विचारलं.

दीपकने आईच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तो हसला. "मनते, आधी नखात दोरा अडकला तो काढ. लाल हाय."

मित्रांनो, तुम्हीही कधी कोणासाठी फोन घ्याल. तेव्हा खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा आणि तो आधी त्या माणसाच्या हातात द्या. त्याला त्याच्यात काय पाहायचं आहे, कोणाशी काय बोलायचं आहे, एवढं विचारा. आणि घेतलेल्या फोनला सुया-कात्रीच्या पिशवीत टाकू नका. आमच्या डोळ्यावर चरा पडला, तर कोणीतरी कुठेतरी दाराकडे पाहत राहतं.