बिनतळाची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. चार फळ्या, बावीस खिळे, उचलायला दोन लोखंडी कड्या. आतून मोजलं तर दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट. झाकण नाही. तळही नाही. तो पडलेला नाही, मुळात बसवलेलाच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पन्नासहून अधिक वर्षं मला पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत आला आहे, "हिचा तळ कुठे गेला?" आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

मित्रांनो, मी खडी मोजायची पेटी आहे. मला सपाट जमिनीवर ठेवायचं, वरून खडी भरायची आणि कड्या धरून मला वर उचलायचं. खडी खाली राहते, मी मोकळी होते. तळ असता तर दर वेळी दोन माणसांना मला उलटं करावं लागलं असतं. इतकी साधी गोष्ट आहे.

माझा जन्म मंगळवेढ्याचा, १९७२ सालचा. ज्या सुताराने मला केलं, त्याच्याकडे त्या वर्षी एकही तिफण करायला आली नव्हती. पेरणीच नव्हती, तर तिफण कोण करून घेणार? म्हणून तिफणीसाठी जपून ठेवलेल्या बाभळीच्या फळ्या माझ्या वाट्याला आल्या. दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडली जायची, आणि ती मोजायला मी. ज्याच्या जितक्या पेट्या, तितकी त्याची मजुरी.

खडी कशी हवी, तर सुपारीहून मोठी आणि लिंबाहून लहान. हातोडी एक, दगड समोर, आणि सूर्य डोक्यावर. सरावलेलं माणूस दिवसभरात माझ्या चार पेट्या भरत असे. काही जण तीन. पाच पेट्या भरताना मी कोणालाच पाहिलं नाही.

पण मला खरा वैताग आणला तो माणसांच्या एका सवयीने. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचा मुलूख. तिथे धान्य मोजताना मापाच्या कडेवर निमुळती रास उभी करतात. तिला शीग म्हणतात. सपाट माप देणं म्हणजे कद्रूपणा, घरची बरकत घालवणं. कामावरच्या सगळ्या बाया अशाच घरांतल्या. त्यांनी दगडालाही शीग लावली. माझ्या कडेच्या वर खडीची रास उभी करायच्या, हाताने नीट सारखी करायच्या, आणि मुकादम गुमान एक पेटी लिहून घ्यायचा.

मी हिशोब करत होते. शिगेत माझ्या मापाचा सातवा हिस्सा मावत होता. म्हणजे सात पेट्या भरल्या की एक आख्खी पेटी फुकट. मी ओरडून सांगितलं असतं, पण पेटीला तोंड कुठे असतं? मला कडा आहेत. कडेपर्यंत माझं माप. वरचं माझं नव्हे. हे समजायला कोणाला किती दिवस लागावेत?

अठरा दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी गोजरा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने पेटी भरली आणि हातोडीचा दांडा माझ्या कडांवरून फिरवला. वरची खडी बाजूला घरंगळली.

शेजारच्या गुरम्माने कपाळाला हात लावला. "आगं, सपाट माप देती व्हय? घरात काय ठरंल का मग?"

"गुरम्माक्का, हे धोंडं हायती. जोंधळा न्हाय," गोजरा म्हणाली.

मुकादम जवळ आला. "पोरी, हात लई आखडायला लागलाय तुजा."

"पेटी भरली का न्हाय, ते सांगा की."

त्याने मला लाथ मारली. डाव्या फळीवर अजून ती खूण आहे. त्या दिवशी गोजराची एकही पेटी त्याने लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दांडा फिरवला. तिसऱ्या दिवशी गुरम्माने, देवाची माफी मागत, फिरवला. आठवड्याभरात सगळ्या रांगेत कोणाचीच शीग उरली नाही, आणि सगळ्यांचीच मजुरी बुडवणं जमेना म्हणून मुकादम सपाट पेट्या लिहू लागला. कोणी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. फक्त माप बरोबर झालं. माझ्या आयुष्यात मला बरं वाटलेले दिवस हेच.

काम संपल्यावर मला जळणात टाकलं होतं. गोजराने मला उचललं आणि डोक्यावर घालून घरी नेलं. त्या घरात मी जळाले नाही खरी, पण त्यानंतर माझं काय काय झालं ते ऐका. मी कोंबड्या झाकल्या. माझ्यात कोथिंबीर पेरली गेली. गोजरा लग्न होऊन सोलापूरला आली, तिची गोजरबाई झाली आणि शुक्रवार पेठेतल्या घरात मी कूलरखालचं टेबल झाले. मांजर तीनदा माझ्यात व्याली. गेल्या वर्षी नात संस्कृतीने शाळेच्या 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनासाठी मला पिवळा रंग दिला, एका फळीवर सूर्यफूल काढलं आणि पुठ्ठ्याचा तळ चिकटवला. तळ, मित्रांनो. मला दुसरा क्रमांक मिळाला.

हे सगळं मी सोसलं. सोसवलं नाही ते गोष्टीचं प्रकरण.

संस्कृती आठवीत आहे. तिचे महेश्वर सर इतिहास शिकवतात. माणूस मनापासून शिकवणारा. दुष्काळ मुलांना नुसत्या सनावळीतून कळत नाही, म्हणून त्यांनी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं. संस्कृतीने आजीबद्दल चार ओळी लिहून नेल्या, आणि सरांनी त्या ओळींवरून गोष्ट रचली. शनिवारी पालकांसमोर ती वाचली जाणार होती, गोजरबाईचं नाव घेऊन. गुरुवारी संस्कृतीने ती घरात वाचून दाखवली. गोजरबाई शेंगा सोलत होती.

"'गोजराने भेगाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. मग तिने मायबाप सरकारपुढे पदर पसरला. मूठभर धान्य पदरात पडताच ती धाय मोकलून रडली.'"

शेंगा सोलणं थांबलं. "कोन रडलं?"

"तू, आजी."

"कवा?"

"गोष्टीत."

"आन पदर कुनी पसरला?"

संस्कृतीने कागद खाली केला. गोजरबाईने शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "ही पेटी हितं मांजराला दिली, तरी माजी तक्रार न्हाय. पन माज्या नावानं भीक लिवली, तर मी कुनाच्या दारात मान वर करून जानार न्हाय. चल, धर."

शुक्रवारी सकाळी एक कडी आजीच्या हातात, एक नातीच्या, अशी मी शाळेत पोचले.

सर गडबडले. "आजी, गोष्ट आहे ती. थोडं तिखटमीठ लागतंच. मुलांच्या मनात करुणा जागी व्हायला हवी."

"करुना कशाला? आमी काम केलं. मापानं केलं. फुकट कायच न्हाय घेतलं, सर. उलट आमचंच घेतलं, अठरा दिस."

"पण मुलांना ते कसं कळणार? चार पेट्या म्हटलं तर काहीच वाटत नाही त्यांना. आकडा रडवत नाही."

"मग त्यांला रडवू नका. हातोडी द्या."

मी वैतागून वैतागून थकले होते, पण त्या वाक्याला माझ्या बावीसही खिळ्यांनी मान डोलावली असती.

शाळेच्या कुंपणाचं काम चाललं होतं. दगड पडलेलेच होते. सरांनी तासाला वर्ग तिथे आणला; गवंड्यांकडून तीन हातोड्या आल्या, प्रयोगशाळेतून डोळ्यांवर लावायचे चष्मे आले. संस्कृतीने माझा पुठ्ठ्याचा तळ स्वतःच्या हाताने ओढून काढला आणि मला सपाट जागेवर ठेवलं. गोजरबाई खुर्चीवर बसली. तुकडा मोठा असेल तर ती नुसती मान हलवायची, आणि तो परत जायचा.

सुरुवातीला हसणं-खिदळणं होतं. अजिंक्य नावाच्या धिप्पाड मुलाने पहिल्याच घावात दगड उडवला आणि टाळ्या घेतल्या. दहाव्या घावाला तो मनगट चोळत होता. मग रांगेत पाळ्या लागल्या. वीस मिनिटांनी बोलणं बंद झालं.

"आजी, पाणी प्यायला थांबायचात का?" एका मुलीने विचारलं.

"पानी असतं, तर आमी तितं कशाला गेलो असतो, बाई?"

महेश्वर सरांनी बाह्या सरकवून स्वतः एक पाळी घेतली. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर फोड होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, तेलपाणी करा, एवढंच मागणं बहुतेक वस्तू करतात. माझं मागणं निराळं आहे. मला रंगवू नका, सजवू नका, माझ्याकडे पाहून हळहळू नका. मी माप आहे. जे खरं असेल तेवढंच माझ्यात भरा, कडेच्या वर काही ठेवू नका.

तास संपल्याची घंटा झाली. संस्कृतीने खडी हाताने सपाट केली आणि पट्टी उभी धरून पाच ठिकाणी उंची मोजली. सरांनी गोष्टीचा कागद माझ्या फळीवर टेकवला, पदराचं वाक्य आणि त्यापुढचं रडण्याचं वाक्य खोडलं, आणि त्या जागी लिहिलं. मग कागद गोजरबाईला वाचून दाखवला.

"गोजरा. वय सतरा. हातोडी एक, दिवस एक. सपाट भरलेल्या पेट्या चार.

आठवी ब. मुलं अडतीस. हातोड्या तीन, वेळ चाळीस मिनिटं. तीस सेंटिमीटर उंच पेटीत खडीची सरासरी उंची तीन पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर."