ज्याला भेटायचं नव्हतं

चैत्रातल्या कोरड्या दुपारी रायपूरच्या ग्रंथालयात कूलरच्या घरघरीवर उमटणारी एक बारीक टकटक मला अजून ऐकू येते. सुधामावशी पेनचं टोपण टेबलावर आपटत असे. बूढा तलावाचं पाणी वाऱ्यावाचूनही थरथरत राहावं, तशी ती बसल्या जागी अस्वस्थ असे.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. एका अमेरिकन कादंबरीकारानं तिला झपाटलं होतं. मोजक्या कादंबऱ्या लिहून त्यानं जगाकडे पाठ फिरवली होती. ना मुलाखत, ना छायाचित्र. त्याच्यावर मराठीत पुस्तक लिहायचं म्हणून ती चौबे कॉलनीतून रोज ऑटोनं येई. नियतकालिकांचे बांधीव खंड, पिवळ्या पानांच्या सूची, संगणकावर उघडणारी परदेशी वर्तमानपत्रं. प्रत्येक संदर्भ पुढच्या संदर्भाकडे बोट दाखवी आणि माणूस धुक्यासारखा मागे सरके. संगणकाशी तिचं जमत नसे, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसे.

ही तगमग कुठून आली, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला मामा भरला संसार सोडून निघून गेला होता. सुखरूप आहे, मात्र कुणाला भेटायचं नाही, एवढाच त्याचा निरोप आला होता. त्यानंतर त्याचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही.

एका दुपारी कुठल्याशा लहान गावच्या वर्तमानपत्रात लेखकाच्या शेजाऱ्यानं सांगितलेली हकिकत सापडली. त्यात गावाचं नाव होतं, रस्त्याचंही. मी हरखून म्हटलं, आता त्याला पत्र टाक. मावशीनं पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. खिडकीबाहेर गुलमोहर उन्हात जळत होता.

"कायले लिहू?" ती हळूच म्हणाली. "तो हरवला नाही पोरी. त्याले भेटायचं नाही, बस. अन् मी त्याचं दार ठोठावून राहिली."

तिनं संगणकावरचं ते पान बंद करायला सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवताना तिनं आईला विचारलं, "दादाले भरल्या वांग्यात गूळ जास्त लागे ना गं?" आईचा घास हातातच थांबला. मग ती म्हणाली, "हव. लयच लागे." आणि कितीतरी वर्षांनी त्या दोघी मामाविषयी बोलत बसल्या.

पुस्तक झालं, त्यात लेखकाचं चरित्र नव्हतं, फक्त त्याच्या कादंबऱ्या होत्या. मावशीची चुळबुळ अखेरपर्यंत शमली नाही. आता तीही नाही. निघून गेलेली माणसं आपल्याला कुठलंच उत्तर देणं लागत नाहीत. मागे उरलेल्यांच्या ओठांवर त्यांचं नाव सहज आलं, तर त्यांचं नसणंही हळूहळू घरातलंच होऊन जातं.