वाफ कुणाची

पडद्यावर आलेख आला आणि सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण खरं सांगते, माझ्या पोटात असं दुखलं की बस्स!

आलेख चिमणीचा होता. चिमणी म्हणजे माझी विद्यार्थिनी. सारखी चिवचिव करते म्हणून विभागाने ठेवलेलं नाव. आता विद्यार्थिनी कसली, स्वतःचा गट आहे तिचा. एका कोवळ्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची तबकडी फिरते आहे, तिच्यातून पुढे ग्रह घडतील. त्या तबकडीत पाण्याची वाफ आहे, हे तिने अवरक्त प्रकाशात पकडलं होतं. अवकाशातल्या दुर्बिणीतून, अर्थात. तिथे हवेची कटकटच नाही. बाईसाहेबांना सगळं आयतं!

आणि तारा कुठला? तर माझा. आकाशात काय ताऱ्यांचा दुष्काळ पडला होता?

माझ्या तरुणपणी आम्ही डोंगरावरच्या दुर्बिणीतून बघायचो. आपल्याच हवेत इतकी वाफ असते की ताऱ्याकडची वाफ तिच्यामागे दडून जाते. मग पृथ्वी त्या ताऱ्यापासून वेगाने दूर जात असेल तो हंगाम गाठायचा. तेव्हा प्रकाशाच्या वर्णपटात तिकडच्या वाफेच्या रेषा आपल्या हवेच्या रेषांपासून केसभर बाजूला सरकतात. तशा सरकलेल्या रेषा मला दिसल्या होत्या. शोधनिबंध पाठवला, तर परीक्षकांनी लिहिलं, ही तुमच्याच हवेची वाफ आहे. मी हाय खाल्ली, निबंध मागे घेतला. पुढे एकदा रागाच्या भरात ती सगळी निरीक्षणंच पुसून टाकली.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, तुझी पोरगी जिंकली ना? मग तोंड पाडून का बसलीयेस?"

"डोकं दुखतंय माझं."

"डोकं नाही, पोट," तो म्हणाला. इतकी वर्षं संसार केला की माणूस चावट होतो.

दुसऱ्या दिवशी चिमणी माझ्या खोलीत आली. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात चहाचे दोन कप.

"मॅडम, माझं अडलंय."

"तुझं? काल तर टाळ्या थांबत नव्हत्या."

"पाणी आहे एवढंच कळतंय हो. ताऱ्यापासून किती लांब, ते नाही कळत. आमच्या आलेखात बारकावा नाही. ताऱ्याजवळची वाफ जोरात फिरते, तिची रेषा रुंद होते; ती रुंदी मोजायला तुमची डोंगरावरची निरीक्षणं लागणार."

मला आतून कसं गार गार वाटलं! लागली ना गरज? आणि लगेच आठवलं, की देण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"पुसली मी ती," मी म्हटलं. "रद्दीच होती."

"माझ्याकडे आहेत की."

"तुझ्याकडे? कुठून आली?"

"तुम्हीच दिली होतीत. पहिल्या वर्षी. आपली हवा कशी फसवते ते शिकायला. म्हणालात, यातली चूक शोधून आण."

आठवलं. चुकीच्या कामाचा नमुना म्हणून दिली होती मी तिला.

"मग?"

"सापडलीच नाही हो." तिची चिवचिव एकदम थांबली. "किती शोधली! वाटलं, मीच ढ. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, काहीतरी उत्तर ठोकून दिलं. पण डोक्यातून ते जाईना. म्हणून तर दुर्बिणीचा वेळ याच ताऱ्यासाठी मागितला."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या जुन्या रेषा तिच्या रेषांवर बसवलेल्या होत्या, आणि बरोब्बर बसल्या होत्या.

पोटातलं दुखणं थांबलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे, वाढलं. माझ्या कामावर माझा नव्हता तेवढा विश्वास या पोरीचा होता. आता मला त्याचाही हेवा वाटायला लागला.

चष्म्यावर वाफ आली होती. चहाचीच. मी तो पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"सरक तिकडे. आणि रुंदी अशी मोजतात होय? कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच," ती म्हणाली आणि सरकली.