डिकीपाशी बसलेला भैरव

त्या गुरुवारी धायरीत दत्ताच्या देवळापेक्षा मोठी रांग एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागली होती. कुणी हार आणले होते, कुणी पेढे. एका बाईंनी हरवलेल्या पाटल्यांचा फोटो आणला होता. भैरव नावाचा काळा कुत्रा पाटावर बसून पेढे खात होता. दत्ताच्या पायाशीही कुत्रीच असतात. आणखी काय पुरावा हवा?

आता मी पडलो जुना थापाड्या. माझं मांजर अग्रलेख वाचायचं, हे मंडईत किती वर्षं सांगतोय. कोणी विश्वास ठेवत नाही. या कुत्र्याची थाप मात्र सगळ्यांनी गिळली, पोलिसांसकट.

त्याचं झालं असं. सुदर्शन आयटी कंपनीची गाडी चालवायचा. त्याची बायको रुपाली कामाला म्हणून निघाली, ती परतलीच नाही. पोलिसांनी रंगनाथ नावाच्या कुत्र्यांच्या खाजगी प्रशिक्षकाला बोलावलं आणि संशय कुणाच्या गाडीवर आहे, तेही सांगून ठेवलं. त्याचा भैरव गाड्या हुंगत गेला आणि सुदर्शनच्या डिकीपाशी बसला.

"बसला म्हणजे इथं प्रेत होतं," रंगनाथ म्हणाला. "हे नाक नाही, एक्स-रे मशीन आहे."

डिकीत ना रक्ताचा थेंब, ना केस. तरी सुदर्शन तुरुंगात गेला आणि रुपालीचा शोध थांबला. मेलेल्या बाईला कोण शोधतं?

तिची आई मुक्ताई वर्ध्याहून आली. रोज चौकीच्या पायरीवर बसायची.

"मेली म्हणता, तं दाखवा न मले."

"आजी, कुत्रं बसलं ना," इन्स्पेक्टर म्हणायचे.

"कुत्रं तं माह्या दारातही बसते."

खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी रंगनाथला विचारलं, "भैरव आजवर किती वेळा चुकलाय?"

"एकदाही नाही, साहेब."

"कशावरून?"

"तो बसला की आरोपी सापडतोच."

सुदर्शनच्या वकिलांनी जनावरांच्या डॉक्टर मैत्री कांबळे यांना आणलं होतं. परवानगी घेऊन त्यांनी कोर्टाच्या आवारात पाच कोरे माठ झाकून मांडले. "लाल दोरीच्या माठात शवागारातली चादर आहे," त्या रंगनाथला म्हणाल्या.

भैरव लाल दोरीपाशी बसला. कुंपणाबाहेरच्या गर्दीनं हात जोडले.

मैत्रीताईंनी झाकण काढलं. माठ रिकामा. चादर निघाली पहिल्या माठातून.

"आपण मला फसवलंत," रंगनाथ म्हणाला.

"हो. भैरवला नाही फसवता आलं. पहिल्या माठापाशी तो थबकला होता, आपण पट्टा ओढलात. लाल दोरीपाशी आपली पावलं थांबली, हात बिस्किटांच्या खिशाकडे गेला. मग तो बसणारच."

"मला कळलंसुद्धा नाही हो," रंगनाथ पुटपुटला. ते खरं असावं. म्हणून तर भीती वाटते.

बाबांनो, कुत्र्याच्या नाकाला माझा नमस्कार आहे. कुठं खणायचं, ते त्यानं जरूर सुचवावं. पण खणून काही निघालं नाही, तर माणसाला फासाकडे नेऊ नका, आणि ज्याला आधीच उत्तर सांगून ठेवलंय, त्याच्या उत्तराला चमत्कार म्हणू नका.

सुदर्शन सुटला. मधे अख्खा पावसाळा गेला होता. रुपाली कुठं गेली, हे विचारायला पोलिसांनी एकही दार ठोठावलं नव्हतं.

"आता तरी माही पोरगी शोधता का, साहेब?" मुक्ताईनं कोर्टाच्या दारातच विचारलं.

इन्स्पेक्टरांची नजर सवयीनं भैरवकडे गेली. भैरव रंगनाथच्या खिशाकडे बघत होता.