नावाची जागा

आबाजींचा आवाज गेला, तो एका दिवसात नव्हे. वैशाखात विहिरीचं पाणी उतरतं तसा, कडेवर ओलीची रेघ ठेवत, तो खाली खाली गेला. कोंडाणे गावच्या या शाहिरानं उभं आयुष्य नाचाच्या गोलात मध्ये बसून काढलं होतं. भोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे, शेजारी भिवाजीची ढोलकी, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सवाल टाकणारी विरुद्ध पार्टी. आता सवाल ऐकू येई, जबाब सुचेही. पण गळ्याशी येऊन त्याची वाफ होई. म्हणून त्यांनी हिरामणला घेतलं.

हिरामण गात नसे. तो बोलत असे. एरवी तो खोपोलीच्या एका कारखान्यात पत्रा दाबण्याच्या प्रेसवर उभा राही, आणि त्या प्रेसच्या ठोक्यावर शब्द आपोआप रांगेत येत. कुणाच्या तरी जहाजावरच्या भावानं आणलेली एक कॅसेट त्यानं कॅन्टीनमध्ये ऐकली होती. परक्या देशातली पोरं ठेक्यावर नुसती बोलत होती, भांडत असल्यासारखी. एक अक्षर कळलं नाही. कळलं ते एवढंच, की चालीवाचूनही माणसाला आपलं म्हणणं चारचौघांत उभं करता येतं.

पहिल्या दिवशी भिवाजी हसला होता. "आबाजी, ह्यो गातोय का रेशनच्या लायनीत भांडतोय?" पण हसता हसता त्याची बोटं ढोलकीवर पडली, आणि मग ती थांबली नाहीत.

गाण्याला मात्र एक जुना नियम होता. शेवटच्या ओळीनंतर ढोलकी क्षणभर गप्प होते. त्या रिकाम्या जागेत शाहिरानं गुरूचं नाव घ्यायचं. नाव आलं की गाणं त्या घराण्याचं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. नाव नसलं तर गाणं उघडं, रानातल्या बोरीसारखं. ज्याला हवं त्यानं आपल्या गुरूचं नाव बांधावं आणि घेऊन जावं. हिरामणला गुरू नव्हता. आबाजींनी त्याला बसायला जागा दिली होती, गाण्याचा एक शब्दही दिला नव्हता. जे कुणी दिलंच नाही ते मिळालं असं म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती.

त्याची फळं तो भोगत होता. मागच्या गौरीत त्यानं पोशिर गावात म्हटलेली दोन गाणी विरुद्ध पार्टीच्या गजा शाहिरानं उचलली. गजाचा गळा भरल्या नदीसारखा. थोड्याच दिवसांत कशेळ्याच्या एस.टी. थांब्यावर पोरं ती गाणी गजाच्या चालीत म्हणू लागली. हिरामण त्यांच्या शेजारी उभा राहून बसची वाट पाहत होता. आपला सदरा घालून दुसराच कुणी आपल्यासमोरून चालला आहे, असं त्याला वाटलं. आणि थांब म्हणायचंही त्राण उरलं नाही.

या वर्षी त्याच्यापाशी असं एक गाणं होतं, जे त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. ते सख्याचं होतं. सखा त्याच्या शेजारच्या प्रेसवर असे. प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, आणि कारखान्यानं त्याला गेटवर स्टुलावर बसवलं. तिथूनच तो एकदा म्हणाला होता, "माझ्यावर गानं कर की रं. पन ते माझं ऱ्हाऊ दे. बोटं गेली ती गेली, गानं तरी कुनाला नेऊ देऊ नको."

कशेळ्याला बाजारामागच्या मांडवात दुपारचा सामना होता. बाहेर भात पोटरीला आलं होतं. हवेत दुधाळ, जड वास होता. आबाजींनी हिरामणला खांबाआड ओढलं. त्यांचं बोलणं आता सुक्या पानांच्या सळसळीइतकंच उरलं होतं.

"आज देवजीबुवांचं नाव घे. माझ्या गुरूचं. घरानं कुंपन घालतं रं."

"त्यांनी मला काय शिकवलं, बुवा?"

"मला तरी काय शिकवलं? बारा महिने म्हशी राखायला लावल्या." आबाजी हसले, ते हसू खोकल्यात बुडालं. "नाव घ्यायचं म्हंजी शिकलो असं नाय. उघड्यावर ऱ्हायलो नाय, एवढंच."

सख्याच्या गाण्यावर म्हशी राखायला लावणाऱ्याचं नाव बसवायचं, की ते गजाच्या तोंडी जाऊ द्यायचं, यातलं काहीच हिरामणला नको होतं. तिसरं काही जगात नव्हतं.

समोरून गजा झांज हलवत उठला. "काय रं हिरामण, यंदा तरी गुरू केलास का? एकलव्याला मातीचा का हुईना, गुरू व्हता. तुझ्याकडं चिखलबी नाय?"

मांडव हसला. नाच्यांतलाही एकजण हसला आणि मग आपण कुठल्या पार्टीचे ते आठवून गप्प झाला.

भिवाजीनं प्रेसचा ठोका धरला. तो त्यानं हिरामणच्या तोंडून ऐकून बसवला होता, प्रेस कधी न पाहता. हिरामण बोलू लागला:

"पत्रा सरकव, दाब सोड,
पत्रा सरकव, दाब सोड.
दाब आला, हात ऱ्हायला,
भोंगा झाला, घाम वाळला.
चार बोटं गेली, उरला अंगठा;
सायेब म्हनं, घाबरू नको,
कागदाला तेवढाच लागतो,
कागदाला तेवढाच लागतो."

नाच्यांचे पाय जमिनीवर पडत होते तेही प्रेससारखे, एकाच वेळी, निर्दय. कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका बाईनं, कुणाला दिसू नये असा, आपला हात पदराखाली घेतला.

ढोलकी थांबली.

ती जागा आली. हिरामणनं ती रिकामी ठेवली. समोर गजाची झांज छातीशी आली होती, ओठ उघडले होते. शेवटची ओळ त्याच्या डोळ्यांत आधीच चालीवर चढत होती. आणि तेवढ्यात हिरामणच्या मागून एक आवाज फुटला, फाटका, पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचलेला:

"गुरू देवजीऽऽ! आमच्या घरचं!"

भिवाजीची थाप पडली. गजाची झांज खाली आली. मांडव उठून उभा राहिला, शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. आबाजींचा आवाज परत आला, असं लोक एकमेकांना सांगू लागले. गाणं कुणाच्या लक्षात राहिलं, हे त्या गलबल्यात कळायला मार्ग नव्हता.

आवाज परत आला नव्हता. तळाशी उरलेलं सगळं पाणी एकाच पोहऱ्यात वर आलं होतं. सामन्यानंतर थांब्यावर आबाजी बाजूला थुंकले आणि त्यावर पायानं माती ओढली. भिवाजीनं ते पाहिलं, हिरामणनंही.

"रागावलास?" आबाजींचे नुसते ओठ हलले.

"नाय."

"गजानं नेलं असतं."

"तुमी नेलंत."

"मी राखलं रं."

"कुंपनबी राखतंच की, बुवा. आन शेत खातं."

"गप," भिवाजी म्हणाला. "रगत वकून नाव घेतलंय त्यानं. तुझ्या गान्यासाठी."

म्हातारा खोटं बोलत नव्हता, आणि आपणही नाही, हे हिरामणला कळत होतं. हीच गोष्ट सगळ्यांत थकवणारी होती. बस आली. आबाजींना खिडकीशी बसवून तो त्यांच्या शेजारी बसला. वळणावर त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, तेव्हा त्यानं खांदा हलवला नाही.

सोमवारी सकाळी सखा गेटवर स्टूल टाकून बसला होता. "झालं का माझं गानं? म्हन की."

भोंग्याला अवकाश होता. हिरामणनं फाटकाच्या लोखंडी सळईवर नखांनी ठोका धरला आणि हलक्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. सखा मान डोलावत ऐकत होता. 'उरला अंगठा' आलं तसा तो ओळखीनं हसला. शेवटची ओळ संपली. नखं थांबली. आणि त्या जागेत, मनात नसताना, ओठांवर ते आलंच:

"गुरू देवजी. आमच्या घरचं."

हिरामणनं तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

"ह्यो देवजी कोन रं?" सख्यानं विचारलं.

"आबाजींचा गुरू. जुना मानूस. मेला कधीच."

सख्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

"त्याची बोटं शाबूत व्हती का?"

"असतील," हिरामण म्हणाला. "ढोलकी वाजवायचा म्हनं."

भोंगा झाला. सख्यानं डाव्या हातानं फाटक ओढलं, आणि हिरामण आत गेला.