किल्ली सोडली की मी बंद

मी इंजिन बोलतोय. जरा घाईतच बोलतो, कारण गप्प उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही.

पहिल्यांदा मी एका औषधविक्रेत्याच्या गाडीत होतो. तो गावोगाव फिरायचा, मलाही उसंत नसायची आणि मला तेच आवडायचं. एकदा सिग्नलला उभे असताना मागून ट्रकनं ठोकलं. विक्रेत्याचं खरचटण्यावर निभावलं. गाडी मात्र भंगारात गेली. मला साखळीला लटकवून बाहेर काढलं आणि गोणपाटाखाली टाकून दिलं. अंगात सगळी रग, आणि जायला जागाच नाही!

मग वहिनी आल्या. त्या बायकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या जुन्या गाडीच्या इंजिनानं मान टाकली होती. गॅरेजवाल्यानं मला तिथं बसवलं, पण वायरिंग आणि पेट्रोलची लाइन जुळवायचं काम त्यांच्या दिरानं अंगावर घेतलं. भाऊजी रेडिओ दुरुस्त करायचे.

"वायरींची काळजी माझ्यावर सोडा, वहिनी."

"सोडलीय की! म्हणून तर गाडी अजून अंगणात आहे."

शेजारच्या काकू रोज डोकावून जात. काकांचं डायलिसिस चालू होतं, आणि इस्पितळात न्यायला दर खेपेला कुणाच्या तरी पाया पडावं लागे. म्हणून काकूंनी या वयात वहिनींकडे गाडी शिकायला घेतली होती. लायसन्सची परीक्षा तोंडावर आली, आणि मी हा असा खिळलेला.

भाऊजी किल्ली फिरवून धरत, तोवर मी धडधडायचो. किल्ली सोडली की बंद! पुन्हा फिरवली की सुरू, सोडली की बंद. जिवाचा नुसता संताप व्हायचा. शेवटी भाऊजींना चूक सापडली. मला वीज देणारी तार किल्लीच्या भलत्याच टोकाला जोडली होती. स्टार्टर फिरेल तोवरच वीज यायची.

तार बदलली. भाऊजींनी किल्ली सोडली, आणि मी चालूच राहिलो! वहिनींनी आणि डोकवायला आलेल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. मला तर अंगणाचं फाटक तोडून सुटावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मला जाणवलं. माझ्यासाठी बसवलेला पेट्रोलचा पंप नवा, जोरकस होता. पण पेट्रोलचा रबरी पाइप जुन्याच इंजिनाचा राहिला होता. त्याला एवढा दाब कधी माहीतच नव्हता. सांध्यातून पेट्रोलचा बारीक फवारा उडू लागला, आणि खाली एका तारेला टेप लावायची राहून गेली होती. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी मला बंद करा रे! पण मला स्वतःला थांबता येत नाही.

"पेट्रोलचा वास येतोय," काकू म्हणाल्या.

"बऱ्याच दिवसांनी सुरू झालंय, काकू. थोडा वास यायचाच," भाऊजी म्हणाले.

काकूंनी पुढे वाद घातला नाही. खिडकीतून हात घातला आणि किल्ली उलटी फिरवली.

भाऊजी वैतागून वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. पाइप भिजलेला, शेजारी उघडी तार.

"वहिनी, मी..."

"नंतर बोला. आधी बॅटरी सोडवा," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः जाऊन गॅरेजच्या मिस्त्रीला घेऊन आले. दाब सोसणारा पाइप आला, सांध्यांवर नव्या पट्ट्या आवळल्या, प्रत्येक तार गुंडाळून बाजूला बांधली. भाऊजी एकेका सांध्याला नाक लावून हुंगत होते. वहिनींना हसू आवरेना.

परीक्षेत चढावर मी गचका खाऊन बंद पडलो. वहिनींचा चेहरा पांढराफटक. पण काकू परीक्षा घेणाऱ्या साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "गाडीला काही झालेलं नाही. माझाच पाय क्लचवरून लवकर निघाला." मला सुरू केलं आणि चढ पार केला. पास झाल्या.

आता वहिनींनी इस्पितळाच्या दिवसांसाठी गाडी काकूंनाच दिलीय. तिथं झाडाखाली तासन् तास थांबावं लागतं. तगमग होते, अजूनही होते. मग काका बाहेर येतात, थकलेले, भिंतीचा आधार घेत.

"हळू घे गं," ते म्हणतात.

"तुम्ही डोळे मिटा."

आणि मी, ज्याला कधी धीर म्हणून नव्हता, दुसऱ्या गिअरवर, खड्डा न खड्डा चुकवत, त्यांना घरी नेतो. बाबांनो, मला असंच काम देत राहा. हळू चालायलाही माझी ना नाही.