उघड्या दाराची अट

तात्यासाहेब औताडे यांनी वैजापूरच्या न्यायालयात उभी हयात वकिली केली आणि निवृत्तीनंतर ते सिडकोतल्या सदनिकेत राहायला आले. इथे त्यांच्याशी वाद घालायला तयार असलेली एकच व्यक्ती उरली होती आणि ती चौदा वर्षांची होती.

समोरच्या घरातली श्रेया शाळेकडून वादविवाद स्पर्धांत बोलत असे. संध्याकाळी ती आली की एका अंगाने घासून पांढरा केलेला चिंचोका उडवला जाई. त्याच्या कौलाप्रमाणे एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध, असा दोघांचा शिरस्ता होता. ज्याचे त्याचे खरे मत काय, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. मत मध्ये आले की युक्तिवादाची धार जाते, असे तात्यासाहेबांचे म्हणणे होते.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंची मात्र एक अट होती. हे चालू असेतो बाहेरचे दार सताड उघडे राहील आणि त्या तिथेच भाजी निवडत बसतील. या अटीविरुद्ध तात्यासाहेब अनेकदा लढले होते.

"अगं, तुझा संशय कोणावर आहे? पोरीवर की माझ्यावर?"

"डासावर," द्वारकाबाई म्हणत. "पण दार लागणार नाय."

त्या दिवशी श्रेयाने चिंचोक्याला हात लावला नाही. "आज कौल नको, तात्या. मोठ्या माणसाची आणि लहान मुलीची मैत्री असावी की नसावी, हा विषय आहे. बाजूने तुम्ही बोला."

हे शिरस्त्याबाहेरचे होते. पण विषय नवा होता आणि नव्या विषयाचा मोह तात्यासाहेबांना कधीच आवरत नसे. द्वारकाबाई दूध उतरवायला आत गेल्या होत्या. ते ताठ बसले.

"कायदा अठरा वर्षांखालच्या माणसाला बालक म्हणतो, परंतु बालकाशी मैत्री करू नये, असे त्याचे एकही कलम म्हणत नाही. शिक्षक, शेजारी, खेळ शिकवणारा, सारे वयाने मोठेच असतात. त्यांची सोबत काढून घेतली, तर मुलाने शिकावे कोणाकडून? वय हाच मैत्रीचा निकष मानला, तर तुझी-माझी मैत्रीसुद्धा आजच मोडावी लागेल."

श्रेयाने टाळ्या वाजवल्या. "भारी! म्हणजे मी बरोबर आहे. मी रविवारी जाते."

"कुठे?"

तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. "वकील पक्षकाराचं बाहेर सांगत नाही ना?"

"कदापि नाही," सवयीचे उत्तर तात्यासाहेबांच्या तोंडून निघून गेले.

मग तिने सांगितले. मोबाईलवर वक्त्यांचा एक गट होता. त्यातला एक 'दादा' तिची भाषणे ऐकून दुरुस्त्या सुचवत असे. तिशीचा होता आणि स्पर्धांत परीक्षक म्हणून जातो असे म्हणे. तिने त्याला पाहिलेले नव्हते. रविवारी तो तिला गाडीतून खुलताबादला नेणार होता, डोंगरावरच्या मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाचा सराव करायला. "फक्त घरी सांगू नको म्हणाला. मोठ्यांना अशी मैत्री कळत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. तुम्हाला मात्र कळते!"

त्या अनोळखी माणसाचे वकीलपत्र आपण आताच घेतले आणि खटला जिंकलोही, हे तात्यासाहेबांच्या ध्यानात आले. युक्तिवादात चूक कुठे राहिली, ते त्यांना कळेना. प्रत्येक विधान खरे होते. त्यांनी पुन्हा मनाशी यादी केली: शिक्षक, शेजारी, खेळ शिकवणारा. उघड्या दारातून एक डास आत आला आणि त्यांच्या मनगटावर बसला. यादीतला प्रत्येक माणूस मुलाच्या घरच्यांना ठाऊक असतो. हे विधान मात्र त्यांनी केलेच नव्हते.

"श्रेया, मी शब्द मोडणार आहे."

"काय? तात्या, हे चीटिंग आहे!"

"तुझ्यामागे नाही, तुझ्यादेखत. आत्ता."

"वकील असं करत नाहीत!"

"मी तुझा वकील नाही; तसा वागलो, हीच तर चूक झाली. मी मोठा माणूस आहे आणि तू लहान आहेस. तुझ्या आईला, सुरेखाला कळलेलं चालणार नाही, असं एकही गुपित आपल्या दोघांत असता कामा नये. त्यानं तेच तुझ्याकडं मागितलं आणि मी तेच तुला देऊन बसलो."

"त्याच्याविरुद्ध पुरावा काय? तुम्हीच म्हणता, पुराव्याशिवाय आरोप नको."

"पुरावा न्यायालयाला लागतो. गाडीत न बसायला लागत नाही."

ती रडवेली होऊन समोरच्या आपल्या घराकडे निघाली आणि ते मागून गेले. सुरेखा नुकतीच कामावरून आली होती. ऐकताच ती ओरडली, "आण तो मोबाईल इकडं! शरम नाही वाटत?"

द्वारकाबाई पदराला हात पुसत मागोमाग आल्या होत्या. "तिच्यावर काय वरडती, सुरेखा? तिनं तोंड उघडलं म्हणून तर कळलं."

तात्यासाहेबांनी आधी सगळ्या निरोपांचे फोटो सुरेखाच्या फोनवर काढायला लावले. ते झाल्यावर श्रेया हट्टाने म्हणाली, "एकच विचारते त्याला. खरा असेल तर आईला घेऊन ये म्हणेल."

सुरेखाने मोबाईल स्वतःच्या हातात धरला आणि लेकीने सांगितले ते लिहून पाठवले: रविवारी आईपण सोबत येणार आहे, चालेल ना?

उत्तर लगेच आले. 'मग राहू दे. मला वाटलं तू मोठी झालीस.' त्यानंतर, त्या चौघांच्या डोळ्यांदेखत, त्याचे जुने निरोप एकामागून एक पुसले जाऊ लागले.

श्रेया बराच वेळ त्या रिकाम्या जागांकडे पाहत राहिली. "पुसतोय कशाला?" असे तिने अगदी हळू विचारले.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आणि तात्यासाहेब पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा घडण्याची वाट पाहायची नसते, तसा धोका वाटला तरी कळवायचे असते, हे तिला वाटेत त्यांनी समजावले.

त्यानंतर श्रेया फिरकली नाही. जिन्यात भेटली तरी मान खाली घालून जाई. चिंचोका मेजावर पडून होता. संध्याकाळ झाली की द्वारकाबाई दार मात्र उघडत. तात्यासाहेब डास मारत. परंतु त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

मग एके दिवशी ती आली. तात्यासाहेबांकडे न पाहता द्वारकाबाईंसमोर बसून शेंगा सोलू लागली.

"आजी, दाराची अट तुम्ही का घातली? तात्यांवर विश्वास नव्हता?"

"व्हता की. ज्याच्यावर नसतो, त्याच्यापाशी तुला बसूच दिलं नसतं."

"मग विश्वास असताना अट कशाला?"

"तुझ्या आईनं येता-जाता बघावं म्हणून. तिला नुसता माझ्या शब्दावर भरवसा ठेवायला कशाला लावू?"

तात्यासाहेबांना या उत्तरात एक फट दिसली होती. ते बोलायला सरसावलेही. श्रेयाने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

"तुम्ही अजून माझ्या रागातून सुटलेला नाहीत."

"ते मान्य आहे."

"मग अटीच्या विरुद्ध बाजू तुमची," ती म्हणाली आणि चिंचोका उचलून तिने खिशात टाकला. "बोला."